स्वस्त तिकीट की पॉइंट्स? : विमानप्रवासातले शेकडेवारीचे गणित



दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की अनेक घरांत मोबाईलवर विमानाची तिकिटे बघणे सुरू होते. एका कंपनीचे तिकीट स्वस्त दिसते. दुसऱ्या कंपनीचे थोडे महाग असते, पण खाली लिहिलेले असते, 'या प्रवासावर इतके पॉइंट मिळवा.' मग घरात चर्चा रंगते. एक जण म्हणतो, "स्वस्तातलं घे." दुसरा म्हणतो, "अरे, पॉइंट साठले तर पुढचं तिकीट फुकट मिळेल!"

या दोघांत बरोबर कोण, हे ठरवायला मोठे अर्थशास्त्र लागत नाही. सातवी-आठवीची शेकडेवारी, थोडे गुणोत्तर आणि दहावीतली थोडी संभाव्यता एवढे पुरते. म्हणूनच हा विषय आज पाठासारखा मांडतो आहे. पालकांना घरखर्चासाठी उपयोग होईल आणि शिक्षकांना 'सूट व कमिशन' किंवा 'अर्थनियोजन' शिकवताना पुस्तकाबाहेरचे एक जिवंत उदाहरण मिळेल.

१) दोन युक्त्या, एकच कंपनी

आधी थोडा इतिहास बघू, कारण त्यातच अर्धे उत्तर आहे.

अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाचे भाडे सरकारी मंडळाच्या परवानगीने ठरत असे. सगळ्यांचे भाडे जवळजवळ सारखे, त्यामुळे कंपन्यांची स्पर्धा जेवण आणि सेवा यांवर चालायची. १९७८ मध्ये कायदा झाला, हे नियंत्रण सुटत गेले आणि भाड्याची लढाई सुरू झाली.

अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने नियंत्रण सुटायच्या थोडे आधीच, १९७७ मध्ये, 'सुपर सेव्हर' नावाची सवलतीची तिकिटे आणली होती. अट अशी की तिकीट बरेच दिवस आधी काढायचे. याच कंपनीने १ मे १९८१ रोजी 'ए-अ‍ॅडव्हान्टेज' ही योजना सुरू केली. जितके मैल उडाल तितके मैल खात्यात जमा, आणि पुरेसे साठले की मोफत तिकीट. या दोन्ही योजनांमागे रॉबर्ट क्रँडल यांचे नाव घेतले जाते. ते आधी कंपनीचे विक्री-विपणन बघत, पुढे तिचे प्रमुख झाले.

आता प्रश्न असा की एकाच कंपनीला दोन योजना कशाला लागल्या?

कारण गिऱ्हाईक दोन प्रकारचे होते. एक, स्वतःच्या खिशातून पैसे भरणारे कुटुंब. ते सुट्टी आधीच ठरवते आणि शंभर रुपये वाचत असतील तर दुसरी कंपनी निवडते. त्यांच्यासाठी सवलतीचे तिकीट. दुसरा, कामासाठी फिरणारा माणूस. तो आज ठरवून उद्या निघतो आणि त्याचे तिकीट त्याची कंपनी काढते. भाडे कमी केले तर फायदा त्याच्या कंपनीला, त्याला स्वतःला काही नाही. अशा माणसाला बांधून ठेवायचे तर त्याच्या नावावर काहीतरी जमा व्हायला हवे. म्हणून पॉइंट.

म्हणजे बघा, पैसे देतो एक आणि पॉइंट मिळतात दुसऱ्याला. पॉइंट योजनेची खरी ताकद इथे आहे. यातून घोटाळेही झाले. २००२ मध्ये जर्मनीत काही राजकारण्यांनी सरकारी दौऱ्यांतून मिळालेले मैल खासगी प्रवासाला वापरल्याचे बाहेर आले, आणि बर्लिन राज्याचे तेव्हाचे आर्थिक व्यवहार मंत्री ग्रेगोर गीझी यांनी पद सोडले. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०१७ च्या प्रवासभत्त्याच्या आदेशात स्पष्ट लिहिले आहे की सरकारी कामाच्या तिकिटावर मिळालेले पॉइंट त्या खात्याच्याच दुसऱ्या सरकारी प्रवासासाठी वापरायचे. खासगी प्रवासासाठी वापरले तर खात्यामार्फत कारवाई होऊ शकते. केंद्राच्या नोकरीत असलेल्या पालकांनी आणि शिक्षकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

म्हणून तिकीट काढण्याआधीचा पहिला प्रश्न असा: मी या दोनांपैकी कोणता प्रवासी आहे? वर्षातून एक-दोनदा, स्वतःच्या पैशाने, कुटुंबासह जाणारे असाल तर पॉइंटची योजना मुळात तुमच्यासाठी बनलेली नाही. तिचा थोडाफार फायदा तुम्हाला होऊ शकतो, पण तो हिशोब करूनच घ्यायचा.

२) भारतातली गोष्ट

आपल्याकडे २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवास सुरू केला. काही मोजक्या जागा एक रुपया मूळ भाड्याने विकण्याची त्यांची जाहिरात अनेकांना आठवत असेल. २००६ मध्ये इंडिगो आली. भारतातली सर्वांत मोठी विमान कंपनी होईपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक वर्षे तिने साध्या तिकिटावर पॉइंट देण्याची योजना ठेवलीच नव्हती. ती आली २०२४ मध्ये, 'ब्लूचिप' या नावाने. एअर इंडियाची योजना मात्र १९९० च्या दशकापासून आहे. आधी 'फ्लाइंग रिटर्न्स' म्हणत, आता ती 'महाराजा क्लब' या नावाने चालते.

यातून एवढे दिसते की भारतीय प्रवाशाने बराच काळ पॉइंटकडे न बघता भाड्याकडे आणि वेळेकडे बघून कंपनी निवडली. ते काही चुकीचे नव्हते.

आणखी एक बदल समजून घ्यायला हवा. सुरुवातीला पॉइंट अंतरावर मिळत, म्हणून तर त्यांना 'मैल' म्हणायचे. मुंबई ते दिल्ली स्वस्त तिकिटाने गेलात काय आणि महाग तिकिटाने गेलात काय, अंतर तेच, मैलही बऱ्याचदा तेच. हुशार प्रवासी स्वस्त तिकीट काढून दोन्ही फायदे घ्यायचे. हे कंपन्यांच्या लक्षात आले. अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये मैल खर्चाशी जोडले. एअर इंडियाने २०२४ मध्ये तेच केले. आता जितके रुपये खर्चाल तितके पॉइंट. म्हणजे तिकीट स्वस्त मिळाले की पॉइंटही कमी. सवलत आणि पॉइंट आता एकाच तराजूच्या दोन पारड्यांत आहेत. शिवाय काही कंपन्यांत सगळ्यात स्वस्त वर्गाच्या तिकिटावर फारच कमी पॉइंट मिळतात, कधी शून्यही.

३) एका पॉइंटची किंमत किती? (हा भाग नीट वाचा)

पॉइंटची संख्या मोठी दिसते. '२०० पॉइंट मिळाले' हे ऐकायला छान वाटते. पण २०० म्हणजे किती रुपये? हे काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सूत्र सोपे आहे:

एका पॉइंटची किंमत = (रोख तिकिटाची रक्कम − पॉइंटच्या तिकिटावर तरीही भरावे लागणारे पैसे) ÷ लागणारे पॉइंट

मधला भाग लोक विसरतात. पॉइंटवर मिळणारे 'मोफत' तिकीट बहुतेक वेळा पूर्ण मोफत नसते. कर आणि विमानतळाची शुल्के रोख भरावी लागतात.

आता उदाहरण घेऊ. खालचे आकडे हिशोबासाठी मानलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे दर नाहीत. पुणे ते दिल्ली, एका व्यक्तीचे, एका बाजूचे तिकीट.

कंपनी क : एकूण ४,२०० रुपये. पॉइंट नाहीत.

कंपनी ख : एकूण ५,१०० रुपये. यात मूळ भाडे ४,५००, त्यावर ५ टक्के जीएसटी २२५ आणि विमानतळ शुल्क ३७५. मूळ भाड्याच्या दर १०० रुपयांना ५ पॉइंट.

कंपनी ख मध्ये असेच तिकीट पॉइंटवर घ्यायचे तर ९,००० पॉइंट आणि ६०० रुपये रोख लागतात असे समजू.

एका पॉइंटची किंमत = (५,१०० − ६००) ÷ ९,००० = ४,५०० ÷ ९,००० = ०.५० रुपये, म्हणजे पन्नास पैसे.

एका प्रवासात मिळणारे पॉइंट = ४,५०० च्या प्रत्येक शंभराला ५, म्हणजे २२५.

त्यांची किंमत = २२५ × ०.५० = ११२ रुपये ५० पैसे.

म्हणजे कंपनी ख ने आपल्याला मूळ भाड्यावर अडीच टक्के सूट दिली. तीही आज रोख दिलेली नाही, पुढे कधीतरी मिळणारी आहे. आणि त्यासाठी आपण आज ९०० रुपये जास्त मोजले. ११२ रुपयांसाठी ९०० रुपये!

आता थोडे पुढे जाऊ. ९,००० पॉइंट साठवायला किती वेळा उडावे लागेल? ९,००० ÷ २२५ = ४० वेळा. प्रत्येक वेळी ९०० रुपये जास्त दिले तर ४० × ९०० = ३६,००० रुपये. ४,५०० रुपये वाचवणाऱ्या एका 'फुकट' तिकिटासाठी ३६,००० रुपये जास्त मोजले. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गात कोणालाही वेगळे समजवावे लागत नाही.

आणि चार जणांचे कुटुंब वर्षातून एकदा जाऊन-येऊन प्रवास करते असे धरले, तर वर्षाला ८ प्रवास होतात. पॉइंट एकत्र करता आले तरी ४० प्रवासांना पाच वर्षे लागतील. अनेक योजनांत पॉइंटना दोन-तीन वर्षांची मुदत असते. म्हणजे तिकिटापर्यंत पोहोचायच्या आधीच सुरुवातीचे पॉइंट गळायला लागतील.

४) मग स्वस्त तिकीटच घ्यायचे ना?

थांबा. इथे घाई करू नका. जाहिरातीत दिसते ती किंमत आणि घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंतची किंमत यांत फरक असतो.

वरच्याच उदाहरणात समजा कंपनी क चे ४,२०० रुपयांचे तिकीट 'फक्त हातातली बॅग' या प्रकारचे आहे आणि विमान पहाटे आहे. तर माणशी खर्च असा होऊ शकतो:

तिकीट : ४,२००
चेक-इन सामानाचे : ७००
कुटुंब एकत्र बसावे म्हणून सीटचे : ३००
रात्री दोन वाजता साताऱ्याहून खास गाडी करावी लागली, तिचा माणशी वाटा : ४००
एकूण : ५,६००

कंपनी ख चे विमान दुपारचे आहे, सामान तिकिटातच धरलेले आहे, मुलांसोबतची जागा मिळाली आणि विमानतळापर्यंत एसटीने जाता आले, तर तिथे ५,१०० रुपयांतच काम झाले. पॉइंट बाजूला ठेवले तरी ५०० रुपये वाचले. पॉइंटची किंमत धरली तर साधारण ६१२.

म्हणजे इथे महाग दिसणारे तिकीट स्वस्त ठरले, पण पॉइंटमुळे नाही, एकूण खर्चामुळे. पॉइंटचा वाटा त्यात अगदी छोटा होता.

म्हणून हिशोबाचा क्रम असा ठेवा:

१. दोन्ही तिकिटांचा घर ते मुक्काम असा एकूण खर्च काढा. सामान, सीट, खाणे, गाडी, तिकीट रद्द करावे लागले तर होणारी कपात, सगळे धरा.
२. मग पॉइंटची रुपयांतली किंमत त्यातून वजा करा.
३. मगच तुलना करा.

बरेच लोक नेमके उलटे करतात. आधी पॉइंट बघतात, मग भाडे आणि सामानाचे पैसे विमानतळावर कळतात.

रद्द करण्याबद्दल एक उपयोगी माहिती. सवलतीचे तिकीट 'परतावा नाही' या अटीवर असले तरी डीजीसीएच्या नियमाप्रमाणे सरकारी कर आणि विमानतळाचे वापरशुल्क प्रवाशाला परत मिळायला हवे, अगदी तुम्ही प्रवास केलाच नाही तरीही. 'तिकीट तर गेलंच' म्हणून अनेक जण ते मागतच नाहीत. मागा. चार जणांचे मिळून ही रक्कम लहान नसते.

५) पॉइंट म्हणजे कोणाचे चलन?

मुलांना विचारा, रुपयाची नोट कोण छापते? ती उत्तर देतील, रिझर्व्ह बँक. मग पॉइंट कोण छापते? विमान कंपनी. त्याची किंमत कोण ठरवते? तीच. ती कधीही बदलू शकते का? योजनेच्या अटींत बहुतेक वेळा तसे लिहिलेलेच असते.

आज ९,००० पॉइंटला मिळणारे तिकीट उद्या १२,००० पॉइंटला झाले, तर आपल्या खात्यातली संख्या तीच राहते, पण पन्नास पैशांचा पॉइंट साडेसदतीस पैशांचा होतो. ही पॉइंटची महागाईच. बँकेत ठेवलेल्या पैशावर निदान व्याज मिळते. पॉइंटवर व्याज नाही, उलट मुदत आहे.

कंपनीच बंद पडली तर? किंगफिशर एअरलाइन्सची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. जेटची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीकडे होती, म्हणून ती पुढे 'इंटरमाइल्स' या नावाने चालू राहिली, पण ज्या विमानात बसायचे म्हणून लोकांनी मैल जमवले ते विमानच उरले नव्हते. विस्ताराचे उदाहरण वेगळे आहे. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली आणि सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले. म्हणजे शेवट प्रत्येक वेळी वाईटच होतो असे नाही, पण तो आपल्या हातात नसतो.

कंपन्यांसाठी मात्र हे पॉइंट फार मोलाचे असतात. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेड एअरलाइन्सने आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. विमाने उडत नसतानाही योजनेला एवढी किंमत कशी? कारण कंपन्या पॉइंट फक्त प्रवाशांना देत नाहीत, ते बँकांना विकतात. बँका ते क्रेडिट कार्डवाल्यांना वाटतात. शिवाय दिलेल्या पॉइंटपैकी काही कधीच वापरले जात नाहीत, तोही कंपनीचाच फायदा.

६) क्रेडिट कार्डचे पॉइंट : इथे खरा धोका आहे

या भागाकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे.

समजा कार्डावर दर १०० रुपयांना २ पॉइंट आहेत. कुटुंबाच्या सहलीचे ३०,००० रुपये कार्डाने भरले. ६०० पॉइंट मिळाले. पन्नास पैशांप्रमाणे त्यांची किंमत ३०० रुपये. बिल वेळेत पूर्ण भरले तर हे ३०० रुपये खरोखर मिळाले, उत्तम.

पण बिल भरता आले नाही आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागले तर? ३०,००० × ३.५ ÷ १०० = १,०५० रुपये, तेही एका महिन्याचे. त्यावर जीएसटी वेगळा. ३०० मिळवायला गेलो आणि १,०५० घालवले. दोन-तीन महिने असेच गेले तर किती होतात ते मुलांना काढायला सांगा.

दुसरा धोका सवयीचा आहे. 'आणखी दोन हजार खर्च केले की पॉइंटचा टप्पा पूर्ण होतो' असा संदेश येतो आणि नको असलेली वस्तू घरात येते. आपल्या लहानपणी बबलगमच्या कागदावरच्या धावा जमवायला आपण नको तितके बबलगम खाल्ले, तोच हा प्रकार. फक्त आता रक्कम मोठी आहे.

याच्या उलट एक गमतीदार खरी गोष्टही आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने वेष्टनांवरचे कोड पाठवणाऱ्यांना विमानाचे मैल देण्याची योजना काढली. कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्याने हिशोब केला की सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे २५ सेंटचे पुडिंग, आणि त्यावर मिळणाऱ्या मैलांची किंमत पुडिंगपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्याने सुमारे १२ हजार पुडिंगचे डबे घेतले, बहुतेक दान केले आणि साधारण तीन हजार डॉलरच्या खर्चात बारा लाखांहून अधिक मैल मिळवले. या माणसाने पॉइंटला भुलून खरेदी केली नाही. त्याने आधी एका मैलाची किंमत काढली आणि मग खरेदी केली. आपल्याला मुलांना शिकवायचे ते एवढेच.

७) पॉइंट कधी खरोखर उपयोगी पडतात?

पॉइंट वाईट आहेत असे नाही. पुढील परिस्थितीत त्यांचा विचार जरूर करा.

• एकूण खर्च जवळजवळ सारखा असेल तर. दोन तिकिटांत पन्नास-शंभर रुपयांचाच फरक असेल तर पॉइंट असलेले घ्या.

• तुम्ही नियमित उडत असाल तर. कामानिमित्त महिन्याला दोन-तीनदा विमानाने जाणाऱ्याला पॉइंट साठवता येतात, वापरताही येतात. वरच्या श्रेणीत गेल्यावर जास्त सामान, विमानतळावरची लाउंज अशा सोयी मिळतात.

• लांबचा परदेश प्रवास असेल तर. मुलगी किंवा सून अमेरिकेत आहे, बाळंतपणाला आई-बाबा निघाले आहेत, असे आता अनेक घरांत असते. मुंबई ते न्यूयॉर्कजवळचे न्यूअर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. एका प्रवासातही बऱ्यापैकी पॉइंट मिळू शकतात. एअर इंडिया २०१४ पासून 'स्टार अलायन्स' या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे त्या गटातल्या लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स यांच्या प्रवासाचे पॉइंटही एकाच खात्यात घेता येतात. फक्त तिकिटाच्या वर्गाला पॉइंट किती, हे आधी बघा. आणि आई-बाबा पहिल्यांदाच जात असतील तर पॉइंटपेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या: विमान कमीत कमी ठिकाणी बदलावे लागणे, मध्ये पुरेसा वेळ असणे आणि व्हीलचेअरची सोय. परक्या विमानतळावर धावपळ करणाऱ्या सत्तरीच्या माणसाला पॉइंटचे समाधान देता येत नाही.

• ऐनवेळी तिकीट महाग झाले असेल तर. पॉइंटचा दर स्थिर असलेल्या योजनेत, समजा, रोख तिकीट ११,४०० रुपये झाले आणि पॉइंट मात्र ९,०००च लागले, वर तेच ६०० रुपये. तर (११,४०० − ६००) ÷ ९,००० = १.२० रुपये. पन्नास पैशांचा पॉइंट एक रुपया वीस पैशांचा झाला. पण इथे एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा: पॉइंट नसते तर मी ११,४०० रुपये भरले असते का? नसते, झेलम एक्सप्रेसने २,००० रुपयांत गेलो असतो, असे उत्तर असेल तर आपले वाचले २,००० − ६०० = १,४००, १०,८०० नव्हे. हो, वेळ वाचला, त्याची किंमत ज्याची त्याने ठरवावी.

सभासद होण्याला बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत. तेव्हा सभासद जरूर व्हा, तिकीट काढताना सभासद क्रमांक टाका, नावाचे स्पेलिंग ओळखपत्राप्रमाणे ठेवा, आणि पॉइंट जमा होईपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवा. फक्त पॉइंटसाठी तिकीट निवडू नका. निवडलेल्या तिकिटावर पॉइंट मिळाले तर घ्या.

८) वर्गात कसे घ्याल?

एका तासिकेत सहज होते. मुलांचे चार-पाच गट करा. प्रत्येक गटाला दोन काल्पनिक तिकिटे आणि पॉइंटचा दर द्या. एका गटाला 'वर्षातून एकदा जाणारे कुटुंब' करा, एकाला 'दर आठवड्याला दिल्लीला जाणारा अधिकारी', एकाला 'मुलीकडे अमेरिकेला जाणारे आजी-आजोबा'. तिकिटे सारखीच, पण उत्तरे वेगळी येतील. ती का वेगळी आली यावर चर्चा घ्या, पाठाचा गाभा तोच आहे. ज्या मुलांनी विमान फक्त आकाशात पाहिले आहे त्यांना हा विषय परका वाटू नये म्हणून किराणा दुकानाचे पॉइंट किंवा 'तीनवर एक मोफत' अशी योजना घेऊन तोच हिशोब करून घ्या.

सरावासाठी प्रश्न:

१. तिकिटाचे मूळ भाडे ३,६०० रुपये. दर १०० रुपयांना ४ पॉइंट. एकूण किती पॉइंट?
२. ४,७०० रुपयांचे तिकीट ८,००० पॉइंट आणि ७०० रुपये रोख देऊन मिळते. एका पॉइंटची किंमत किती?
३. पहिल्या प्रश्नातल्या पॉइंटची किंमत रुपयांत काढा. ती मूळ भाड्याच्या शेकडा किती?
४. दुसऱ्या कंपनीचे तिकीट २५० रुपयांनी स्वस्त आहे, पण पॉइंट नाहीत. बाकी सगळे सारखे. कोणते घ्यावे? किती रुपयांचा फायदा?
५. ८,००० पॉइंट व्हायला असे किती प्रवास लागतील?
६. (दहावीसाठी) पॉइंट मुदतीत वापरले जाण्याची संभाव्यता १/२ आहे. तर त्यांच्यासाठी जास्तीत जास्त किती रुपये जादा देणे योग्य?

उत्तरे: १) १४४ २) ५० पैसे ३) ७२ रुपये, शेकडा २ ४) स्वस्त तिकीट, १७८ रुपये ५) ५६ (५५ प्रवासांत ७,९२०च होतात, म्हणून पुढची पूर्ण संख्या घ्यायची) ६) ७२ × १/२ = ३६ रुपये

सहावा प्रश्न सोडू नका. 'मिळेल' आणि 'मिळू शकेल' यांतला फरक संख्येत मांडता येतो हे मुलांना इथे पहिल्यांदा दिसते. पुढे लॉटरी, विमा, शेअर बाजार, ऑनलाइन खेळांची आमिषे, सगळीकडे हाच फरक त्यांना ओळखायचा आहे.

थोडक्यात

• पॉइंट म्हणजे उशिरा मिळणारी, अटी असलेली छोटी सूट. आधी तिला रुपयांत आणा.
• तुलना भाड्याची करू नका, घर ते मुक्काम अशा एकूण खर्चाची करा.
• मुदतीत वापरता येतील का, हे प्रामाणिकपणे ठरवा.
• कार्डाचे बिल पूर्ण भरता येणार नसेल तर पॉइंटचा विषयच काढू नका.
• रद्द केलेल्या तिकिटाचे कर परत मागा.

पालकांना एक विनंती. पुढच्या वेळी घरात तिकीट काढायचे असेल, विमानाचे असो वा बसचे, तेव्हा मोबाईल घेऊन एकटे बसू नका. सातवी-आठवीतल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, वही-पेन द्या आणि म्हणा, "आपल्याला कोणतं परवडेल, तू सांग." आई-बाबांचे पैसे कसे खर्च होतात हे त्यांना कळेल, आणि आपला हिशोब घरात खरोखर कामाला आला याचा आनंदही मिळेल. पहिल्या वेळी थोडा वेळ जास्त लागेल, लागू द्या.